मोहाचे फूल आणि केळीची साल

फळांच्या सालींपासून इंधन करावे, हा विषय विज्ञान प्रदर्शनाच्या वेळी विद्यार्थी हटकून सुचवतात. पालघर, बोईसर-तारापूरकडे केळी आणि डहाणू-घोलवडचे चिकू हाताशीच आहेत. पण याच मुलखात अल्कोहोलचा कच्चा माल शंभराहून अधिक वर्षांपूर्वी कायद्याच्या कचाट्यात सापडला होता. तो साल नव्हे, मोहाचे फूल होता.

वारली, कातकरी मोहाची फुले वाळवून खात आणि घरी त्यांची दारूही गाळत. १८७८च्या मुंबई अबकारी कायद्याने दारूचे गाळप मक्तेदारांच्या मोठ्या भट्ट्यांकडे नेले. उरणच्या भट्ट्यांतही मोहाचीच फुले गाळली जात, ती पंचमहालातून येत! पण रानातली झाडे रानातच होती. तेव्हा १८९२च्या कायद्याने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत थेट फुलांवरच निर्बंध आणले. आजच्या पालघर जिल्ह्याचा बराचसा भाग त्या वेळी ठाण्यात होता. पोटाला आधार देणारे फूल घरात ठेवणे संशयास्पद ठरले. यात दारूबंदीची तळमळ शोधू नये. सरकारला महसूल हवा होता.

फुलाचीच एवढी धास्ती का? वाळलेल्या मोहफुलात वजनाच्या निम्म्याहून अधिक साखर असते आणि ते महिनोन्महिने टिकते. एक टन फुलांत ५०० किलो साखर धरू. यीस्ट तिचे फार तर ५१ टक्के अल्कोहोल करते, म्हणजे २५५ किलो किंवा सुमारे ३२० लिटर. केळीच्या ओल्या सालीत नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच असते. एक टन सालीतल्या उरलेल्या १०० किलोंपैकी निम्म्याची साखर झाली असे मानले, तरी ३२ लिटर निघतील. त्यातही सेल्युलोज यीस्टला पचत नाही. आधी आम्लाने किंवा विकरांनी त्याची साखर करावी लागते. तोवर साल कुजू लागते. (वर्गात किण्वनापर्यंतच जावे. गाळायला परवाना लागतो.)

इंधनाच्या शोधातही मोह पुढे होता. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गिल्बर्ट फाउलर आणि सहकाऱ्यांनी मोहफुलांच्या किण्वनावरचे संशोधन १९२० मध्ये प्रसिद्ध केले. पुढे साखर कारखान्यांची मळी मुबलक झाली, १९४८ मध्ये पॉवर अल्कोहोलचा कायदा आला आणि मोह मागे पडला. २००१ मध्ये मिरज आणि मनमाड येथे पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रयोग झाले, तेव्हा आपल्याकडे इथेनॉल म्हणजे मळीचे, हे ठरूनच गेले होते. मोहफुले गोळा करण्यावरचे आणि त्यांच्या वाहतुकीवरचे निर्बंध महाराष्ट्राने सैल केले ते २०२१ मध्ये.