रंगमंचावरील शिवी आणि सहकुटुंब प्रेक्षक

लोहारद्याच्या परिसरातील मराठी वाचकाला दोन रंगपरंपरांचा शेजार लाभला आहे. एक माळव्याचा माच, दुसरी मराठी नाटकाची. भिश्ती व फर्रासन यांच्या थट्टामस्करीने रंगस्थळ सिद्ध करणारा माच उघड्यावर, सर्वांदेखत होतो. मराठी नाटकाला मात्र सहकुटुंब प्रेक्षक मिळवावा लागला, आणि त्या प्रयत्नात ग्राम्य विनोदाचे काय करावे हा प्रश्न वारंवार उभा राहिला.

1843 मध्ये सांगलीस विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केले, तेव्हा सूत्रधाराच्या जोडीला विदूषक होताच. पुढे पौराणिक खेळानंतर ‘फार्स’ करण्याची प्रथा पडली. देवादिकांच्या कथेत जे बोलता येत नसे, ते फार्सात बोलले जाई. 1880 मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ पुण्यास रंगभूमीवर आले आणि संगीत नाटकाला घरंदाज प्रतिष्ठा मिळाली. शृंगार तेथेही होता; पण त्याने संस्कृताचा शेला पांघरला होता.

तमाशाच्या वाट्याला असा शेला आला नाही. गण, गौळण, बतावणी आणि वग या क्रमात गौळणीतील पेंद्या व पुरुषाने साकारलेली मावशी यांचे बोलणे द्व्यर्थी असे. एक अर्थ निष्पाप, दुसरा ज्याचा त्याने घ्यावा. स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबई राज्यात तमाशावर बंदी आली. पुढे ती उठली, पण संहिता तपासून घेण्याचे बंधन राहिले. हा केवळ अभिरुचीचा वाद नव्हता. त्यावर शेकडो कलावंतांची चूल अवलंबून होती. शिवाय बतावणी ही आयत्या वेळी फुलणारी. जे लिहिलेलेच नसते, ते तपासायचे कसे?

अश्लीलतेच्या नावाने केलेला कायदा कोठवर पोचतो, हेही इतिहास सांगतो. 1876 च्या नाट्यप्रयोग कायद्यात असभ्य आणि राजद्रोही प्रयोग एकाच ओळीत बसवले होते. 1907 मध्ये रंगभूमीवर आलेल्या खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’वर सरकारने 1910 मध्ये बंदी घातली. त्यात शिवी नव्हती, रूपकातील राजकारण होते.

पुढील काळातील दोन उदाहरणे एकत्र पाहावीत. 1965 मध्ये वसंत सबनिसांचे ‘विच्छा माझी पुरी करा’ आले. दादा कोंडक्यांच्या चावट हजरजबाबीपणाला मध्यमवर्गाने मनापासून दाद दिली. 1972 मध्ये विजय तेंडुलकरांचे ‘सखाराम बाइंडर’ आले, तेव्हा मात्र वादळ उठले. परिनिरीक्षण मंडळाने नाटक अडवले. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि निकाल नाटकाच्या बाजूने लागला. ‘विच्छा’तील द्व्यर्थी शब्द हसवून सोडून देत होता; सखारामची शिवी घरातील हिंसेकडे बोट दाखवीत होती. प्रेक्षक बिचकला तो केवळ शब्दाला नव्हे, त्या दर्शनालाही.

म्हणून शिवी आहे की नाही, एवढाच निकष पुरेसा नाही. ती कोणावर पडते आणि कशासाठी, हे पाहिले पाहिजे. दुर्बळाला, विशेषतः शेजारी बसलेल्या स्त्रीला, खाली मान घालायला लावून मिळवलेला हशा स्वस्त असतो. सत्ताधीशाची फजिती करणारा सोंगाड्या मात्र लोकांचेच मन बोलत असतो. मुलांना सोबत नेताना प्रयोगाचे स्वरूप आधी कळावे, ही आईबापांची अपेक्षाही रास्तच आहे.

ग्रंथालयाच्या संदर्भात एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. संगीत नाटके छापली गेली, कपाटांत जपली गेली. बतावणी बहुतांशी बोलणाऱ्याबरोबरच गेली. तिच्यावरचे आक्षेप मात्र कागदावर उरले. रंगभूमीचा इतिहास वाचताना आपण बऱ्याचदा फिर्यादीचीच बाजू वाचत असतो, याचे भान शताब्दीच्या उंबरठ्यावर तरी राहावे.