तालुक्याचा वकील

पेशवाईत खेड्यातल्या माणसाला कायद्याची शंका आली, तर ती विचारायला धंदेवाईक वकील नव्हता. वतनाचा, शिवेचा किंवा भाऊबंदकीचा वाद गोतसभेपुढे जाई. तिथे पाटील, कुलकर्णी, चौगुला आणि बलुतेदार बसत; प्रकरण मोठे असेल तर परगण्याचे देशमुख-देशपांडेही येत. निवाडा मान्य करू असा राजीनामा वादी-प्रतिवादी आधीच लिहून देत, जामीन देत, आणि आपापली बाजू करीन्यात, म्हणजे लेखी निवेदनात, मांडत. कागद नसला तर आसपासच्या गावांतल्या जुन्या माणसांच्या साक्षी निघत, त्याही नसल्या तर दिव्य. शेवटी महजर, म्हणजे निवाड्याचा कागद, होई आणि त्यावर कुणबी नांगराची निशाणी करी. जिंकणारा सरकारात हरकी भरी, हरणारा गुन्हेगारी. म्हणजे हा न्यायही फुकट नव्हता, आणि गावातल्या वजनदार माणसाविरुद्ध तो कितपत मिळत असेल याचा अंदाज कोणालाही बांधता येईल. मात्र प्रश्न कोणाकडे न्यायचा, हे प्रत्येकाला ठाऊक असे. शास्त्रार्थाचा मुद्दा निघाला तर तो शास्त्र्यांकडे जाई. पुण्यात रामशास्त्री प्रभुण्यांचा लौकिक अशाच कामातून झाला.

1818 मध्ये पेशव्यांचा मुलूख कंपनीकडे गेला. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने 1819 च्या अहवालात पंचायतीची बाजू घेतली आणि ती चालू ठेवण्याचा प्रयत्नही केला. पण मुन्सफाची कचेरी उघडल्यावर पंचांचा निवाडा न मानणाऱ्याला दुसरे दार मिळाले, आणि पंचायती ओसरत गेल्या. बंगालमध्ये 1793 पासून अदालतीत सनदी वकील होते. मुंबई इलाख्यात एल्फिन्स्टनच्याच कारकिर्दीत, 1827 च्या कायदेसंग्रहाने, वकिलीची घडी बसवली. 1846 च्या कायद्याने हा धंदा धर्म आणि वंश न पाहता कोणाही लायक माणसाला खुला केला, आणि फी अशील व वकील यांनी आपसांत ठरवावी अशी मोकळीक दिली.

तरी हिंदू कुटुंबातल्या प्रश्नांची उत्तरे बराच काळ वकील देत नव्हता. कोर्टात नेमलेले शास्त्री ती देत. न्यायाधीश लेखी प्रश्न पाठवी: निपुत्रिक विधवेला नवऱ्याच्या भावांच्या आधी वारसा मिळतो का, दत्तक घेण्याला कोणाची संमती लागते, विभक्त झालेल्या भावाचा हिस्सा कोणाकडे जातो. शास्त्री ग्रंथाधारासह उत्तर लिहून देत. ही उत्तरे रेमंड वेस्ट आणि गेओर्ग ब्यूलर यांनी एकत्र करून 1867 पासून ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. घरगुती कायदेशीर अडचणींची इतकी भरघोस प्रश्नोत्तरे त्या काळातली दुसरी क्वचितच सापडतील. कायद्याचा ग्रंथ म्हणून ती वाचली जातात, पण एकोणिसाव्या शतकातल्या मराठी आणि गुजराती घरांचा इतिहास म्हणूनही ती वाचण्यासारखी आहेत. 1864 मध्ये कोर्टातली शास्त्र्यांची पदे रद्द झाली. धर्मशास्त्र न्यायाधीशाला माहीत असते असे आता गृहीत धरले गेले, आणि ते त्याच्यापुढे मांडायचे काम वकिलाकडे आले. विश्वनाथ नारायण मंडलिक हे स्वतः हायकोर्टाचे वकील. त्यांनी 1880 मध्ये ‘व्यवहारमयूख’ हा धर्मशास्त्राचा ग्रंथ इंग्रजीत आणला तो याच गरजेपोटी.

याच सुमारास कायद्यांची रांगच लागली. 1859 मध्ये दिवाणी व्यवहारसंहिता आणि मुदतीचा कायदा आला, 1862 मध्ये मुंबई हायकोर्ट सुरू झाले, 1864 मध्ये दस्तनोंदणीचा कायदा झाला, 1869 मध्ये दिवाणी कोर्टांची नवी रचना झाली. यांपैकी मुदतीच्या कायद्याने दख्खनच्या शेतकऱ्याचे जेवढे नुकसान केले तेवढे दुसऱ्या कोणत्याही कायद्याने केले नसेल, आणि तेही त्याच्या भल्याचा हेतू धरून. साध्या कर्जरोख्यावर दावा लावण्याची मुदत तीन वर्षांवर आणली, म्हणजे जुनी कर्जे माणसाच्या मानगुटीवर पिढ्यान्‌पिढ्या बसणार नाहीत, असा हिशेब होता. सावकाराने त्यावर सोपा तोडगा काढला. तीन वर्षे भरत आली की तो कुणब्याला बोलावी, थकलेले व्याज मुद्दलात घाली आणि नवा रोखा करून घेई. सही नको म्हणणाऱ्यापुढे दाव्याची धमकी असे. दावा लागलाच तर समन्स तालुक्याच्या गावाहून येई, पेरणी सोडून तिकडे जायला माणूस तयार नसे किंवा गेल्यावर काय बोलायचे हे त्याला कळत नसे, आणि कोर्ट एकतर्फी हुकूमनामा करी. पुढे दरखास्त, जप्ती, लिलाव. न्यायाधीशाने यात बेकायदा असे काहीच केलेले नसे. कोर्ट फक्त रोखा पाहत होते. रोख्यामागे काय झाले ते विचारण्याची त्याला गरज नव्हती.

12 मे 1875 रोजी भीमथडी तालुक्यातल्या सुप्याला बाजाराच्या दिवशी दंगा झाला आणि पुणे व नगर जिल्ह्यांत पसरला. बहुतेक ठिकाणी लोकांचा रोख सावकाराच्या जिवावर नव्हता, दप्तरावर होता; रोखे आणि हुकूमनामे मागून घेऊन ते जाळले गेले. चौकशी आयोग बसला, आणि 1879 मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. त्याने कोर्टाला रोख्याच्या मागे जाऊन देण्याघेण्याचा इतिहास मुळापासून तपासायला सांगितले. शेतकऱ्याचे दस्त गावनोंदणी अधिकाऱ्यासमोरच व्हावेत, आणि दाव्याआधी प्रकरण सलोखा करणाऱ्यापुढे जावे, असेही ठरवले. या सलोख्याच्या कामातून वकिलाला बाहेर ठेवले होते. सरकारच्या लेखी वकील हा रोगाचाच एक भाग होता.

पुण्यातल्या काही वकिलांनाही हे थोडेफार पटले असावे. सार्वजनिक सभेचे गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, व्यवसायाने वकील. पण खटले कोर्टाबाहेर मिटावेत म्हणून लवाद कोर्टे चालवण्याच्या खटपटीत तेच पुढे होते. सरकारविरुद्ध बंड करणाऱ्या वासुदेव बळवंत फडक्यांचे वकीलपत्र घ्यायला कोणी धजेना, तेव्हा 1879 मध्ये ते घेणारेही तेच. जोतीराव फुल्यांनी मात्र ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये कचेरीतल्या साऱ्याच साखळीला धारेवर धरले. कारकून, वकील आणि अंमलदार बहुधा एकाच जातीचे, तेव्हा त्या साखळीत कुणब्याचे ऐकणारे कोण, हा त्यांचा सवाल होता, आणि त्या काळच्या सनदी वकिलांची नावे पाहिली तर तो बिनबुडाचा ठरत नाही.

तालुक्याचा वकील म्हणून जो ओळखला जातो तो या काळात घडला. मुंबईत हायकोर्टाच्या मूळ शाखेत सॉलिसिटरांच्या पेढ्या आणि बॅरिस्टर अशी दुहेरी व्यवस्था होती. मुफसलात पेढी नव्हती. हायकोर्ट वकील आणि त्याच्या खालचा डिस्ट्रिक्ट प्लीडर हे दोन दर्जे परीक्षेने मिळत. या परीक्षांची तयारी करून घेणारा एक वर्ग पुण्यात बाळ गंगाधर टिळक चालवत. कचेरी म्हणजे राहत्या घराची ओसरी किंवा पुढची खोली: गादी, लेखणी, मोडी दस्तांची गाठोडी आणि कारकून. बापाची सनद मुलाकडे जात नसे, पण अशील जात. कारकुनाला कमी लेखू नये. गावाकडून आलेल्या माणसाला पहिल्यांदा तोच भेटे, कोणता कागद आणायचा ते तोच सांगे, तारीख तोच लक्षात ठेवी. कोर्टाच्या आवारात अर्जनवीस आणि मुद्रांक विक्रेता बसत. कित्येकांची शंका त्यांच्यापाशीच मिटे, बरी-वाईट कशीही. बाई अशील असली तरी बोलायला दीर किंवा भाऊ येई. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी ऑक्सफर्डमध्ये कायदा शिकून आल्या, तरी त्यांना वकिलीसाठी कित्येक वर्षे थांबावे लागले. स्त्रियांवरची बंदी उठवणारा कायदा 1923 चा. त्याच वर्षी मुंबईत भीमराव आंबेडकरांनी वकिली सुरू केली. पुढे परळच्या दामोदर हॉलमधल्या त्यांच्या कचेरीत गिरणगावातली गरीब माणसे सल्ल्याला येत.

तालुक्याच्या वकिलाच्या ओसरीवर येणारे प्रश्न थोडेच, पण टिकाऊ. एक सातबाऱ्याचा. हक्कनोंदणीचा कायदा 1903 चा, आणि तेव्हापासून उताऱ्यावर नाव लागले की जमीन आपली, ही समजूत पक्की आहे. वकील पिढ्यान्‌पिढ्या सांगत आला की महसुली नोंद सारा कोणाकडून घ्यायचा यासाठी असते, मालकी दस्ताने किंवा वारशाने येते. फेरफार मंजूर झाला म्हणून खरेदीखताची उणीव भरून निघत नाही. दुसरा प्रश्न वाटेचा. शेजाऱ्याने वहिवाटीचा रस्ता नांगरला तर मामलेदार कोर्ट कायदा, 1906 खाली तहसीलदारापुढे अर्ज करता येतो, पण अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांत. ज्याची मुदत गेली त्याला दिवाणी कोर्ट, वीस वर्षांच्या अखंड वापराचा पुरावा आणि बरीच वर्षे.

तिसरा प्रश्न बहिणीच्या वाट्याचा, आणि त्याचे उत्तर विचारण्याच्या सालावर अवलंबून राहिले. मुंबई इलाख्यात मयूखाच्या आधाराने मुलीला बापाची विभक्त मालमत्ता पूर्ण हक्काने मिळे, पण मुलगा किंवा विधवा नसेल तरच. एकत्र कुटुंबात तिला लग्नापुरताच खर्च. 1956 नंतर बापाच्या वाट्यातला हिस्सा मिळाला, वडिलोपार्जित मिळकतीतली सहदायकी, म्हणजे जन्मतःचा हक्क, नाही. 22 जून 1994 पासून महाराष्ट्राने सहदायकी दिली, पण त्याआधी लग्न झालेल्या मुली वगळल्या. 9 सप्टेंबर 2005 पासून केंद्राच्या दुरुस्तीने तीही अट गेली. मग बाप त्या दिवशी जिवंत होता का, यावर उलटसुलट निकाल होत राहिले. तो जिवंत असण्याची गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात 11 ऑगस्ट 2020 रोजी ठरवले. कायदा इतका बदलला तरी वकिलाच्या टेबलावर सर्वांत जास्त वेळा येणारा कागद हक्कसोडपत्रच राहिला. माहेर तुटेल या धाकाने केलेली सही कायद्याच्या नजरेत खुशीची असते, आणि ती नंतर फिरवणे अवघड.

स्वातंत्र्यानंतर नव्या प्रश्नांची भर पडली. 1947 च्या भाडेनियंत्रणाने शहरात पागडीचे वाद आणले. 1948 च्या कूळकायद्याने आणि कुळांना मालक ठरवणाऱ्या 1 एप्रिल 1957 च्या कृषकदिनाने खेड्यात निम्मी वकिली तहसील कचेरीत नेली. 1961 च्या अधिवक्ता कायद्याने वकिलांचे जुने दर्जे मोडून एकच वर्ग केला; मुंबईतली दुहेरी व्यवस्था त्यानंतर काही वर्षांनी संपली. 1998 मध्ये जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा मराठी ठरवली गेली, तरी निकालपत्र इंग्रजीत येण्याची सवय एका अधिसूचनेने जाणारी नव्हती. वकिलाला जाहिरात करता येत नाही. बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे पाटीही बेताच्या आकाराची असावी लागते आणि पूर्वी न्यायाधीश होतो असे तीवर लिहिता येत नाही; त्यामुळे तालुक्याला वकील अजूनही कोणाच्या तरी सांगण्यावरूनच गाठला जातो.

फी परवडत नाही त्याचे काय, या प्रश्नासाठी मुंबई सरकारने 1949 मध्येच न्या. न. ह. भगवती यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. मोफत साहाय्य राज्यघटनेत 1976 मध्ये आले. त्याचा कायदा 1987 मध्ये झाला आणि 9 नोव्हेंबर 1995 पासून लागू झाला. त्याखाली तालुका विधी सेवा समिती त्या गावच्या न्यायालयातच काम करते. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, अपंग आणि कोठडीतील माणसे यांना उत्पन्न न पाहता वकील दिला जातो. इतरांना उत्पन्नाची मर्यादा आहे. महाराष्ट्रात 1994 पासून पोटगी, मालमत्ता आणि घटस्फोटाच्या दाव्यांत स्त्रियांना कोर्ट फीही माफ आहे. याच समितीमार्फत लोकअदालत भरते. तिथे तडजोड झाली की तिला दिवाणी हुकूमनाम्याचे बळ येते, भरलेली कोर्ट फी परत मिळते आणि निवाड्यावर अपील चालत नाही.