परवान्याचा धाक आणि समुपदेशकाची निष्ठा

वैद्यक किंवा विमानचालन यांसारख्या ज्या व्यवसायांत परवान्यावाचून काम करता येत नाही, त्यांतील व्यसनाधीन व्यक्तींच्या उपचाराचा अमेरिकेतील इतिहास पाहिला, तर उपजीविका गमावण्याची भीती हे आरंभी आजार लपवण्याचे कारण होते आणि पुढे तीच भीती उपचाराचे साधन झाली, असे दिसते. या स्थित्यंतरात समुपदेशक, म्हणजे मुख्यतः संवादाच्या आधारे रुग्णाला व्यसनापासून दूर राहण्यास साहाय्य करणारी व्यक्ती, नेमकी कोणाशी बांधील, रुग्णाशी की त्याच्या मालकाशी, हा प्रश्न उपस्थित झाला.

लपवणुकीच्या काळाचे ठळक उदाहरण म्हणजे शल्यविशारद विल्यम हॉल्स्टेड. १८८४ मध्ये कोकेनचा बधिरीकरणासाठी उपयोग ज्ञात झाल्यावर त्यांनी न्यूयॉर्कमध्ये स्वतःवरच प्रयोग केले आणि ते त्याच्या आहारी गेले. १८८६ मध्ये त्यांना प्रॉव्हिडन्स येथील बटलर रुग्णालयात ठेवण्यात आले, परंतु कोकेनची जागा मॉर्फीनने घेतली. पुढे मित्र विल्यम वेल्च यांच्या आधाराने ते बाल्टिमोरच्या जॉन्स हॉप्किन्स रुग्णालयात शल्यचिकित्सेचे प्रमुख झाले. सहकारी विल्यम ऑस्लर यांना मॉर्फीन सुटले नसल्याचे ठाऊक होते व त्यांनी तसे लिहूनही ठेवले, मात्र ते टिपण १९६९ मध्येच उघड झाले. सहकाऱ्यांच्या या मौनामुळे शल्यचिकित्सेला थोर शिक्षक लाभला हे खरे असले, तरी रुग्ण म्हणून हॉल्स्टेड एकाकीच राहिले.

समुपदेशनाची परंपरा रुग्णालयाबाहेर, चर्चच्या आश्रयाने सुरू झाली. बॉस्टनच्या इमॅन्युएल चर्चमध्ये एल्वुड वूस्टर यांनी १९०६ मध्ये वैद्यक आणि धर्मोपदेश यांची सांगड घालणारी चळवळ उभारली. तेथे उपचार घेतलेले विमा व्यावसायिक कोर्टनी बेलर पुढे स्वतःच इतर मद्यपींना मार्गदर्शन करू लागले. वैद्यकीय पदवी नसताना केवळ स्वानुभवाच्या बळावर हे काम करणाऱ्यांचे ते आद्य प्रतिनिधी मानले जातात. १९३५ मध्ये अ‍ॅक्रन येथे शेअर दलाल बिल विल्सन आणि शल्यविशारद डॉ. बॉब स्मिथ यांच्या भेटीतून ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ ही स्वमदत चळवळ जन्मली, तेव्हा स्वानुभवाच्या या अधिकाराला व्यापक आधार मिळाला. मिनेसोटातील हेझेल्डन या संस्थेने १९४९ पासून, आरंभी मुख्यतः व्यावसायिक पुरुषांसाठी, निवासी उपचाराची जी घडण केली, तिच्यात बरे झालेले रुग्ण आणि प्रशिक्षित तज्ज्ञ एकत्र काम करू लागले. (पुण्यात १९८६ साली स्थापन झालेल्या मुक्तांगण केंद्रातही व्यसनातून बाहेर पडलेल्यांनीच पुढे समुपदेशक होण्याची प्रथा रुजली.)

मालकाचा प्रवेश झाला तो १९४० च्या दशकात. ड्यू पाँट, ईस्टमन कोडॅक अशा कंपन्यांनी मद्यपी कर्मचाऱ्याला काढून टाकण्याऐवजी उपचाराला पाठवण्याची व्यवस्था सुरू केली आणि त्यातून कालांतराने एक चतुर तत्त्व घडले: वरिष्ठाने रोगाचे निदान करण्याच्या फंदात न पडता केवळ उशीर, गैरहजेरी, चुका अशा कामाच्या घसरणीची नोंद ठेवावी आणि ती दाखवून ‘उपचार किंवा कारवाई’ असा पर्याय कर्मचाऱ्यासमोर ठेवावा. स्वतः मद्यपाशातून सुटलेले आयोवाचे सिनेटर हॅरल्ड ह्यूज यांच्या पुढाकाराने १९७० मध्ये झालेल्या कायद्याने अशा कार्यक्रमांना सरकारी पाठबळ दिले आणि रुग्णाच्या नोंदींच्या गोपनीयतेलाही कायदेशीर स्थान मिळवून दिले. मालकाच्या सांगण्यावरून आलेल्या रुग्णाने समुपदेशकाकडे मन मोकळे करायचे, तर ही हमी अनिवार्यच होती.

वैमानिकांच्या बाबतीत मात्र ती हमी पूर्णत्वाने देणे शक्य नव्हते, कारण तेथे प्रवाशांचे प्राण पणाला लागलेले असतात. १९७४ मध्ये वैमानिकांच्या संघटनेने सरकारी अनुदानातून सुरू केलेल्या ‘हिम्स’ या योजनेने मधला मार्ग काढला. उपचारानंतर सहकारी वैमानिक व वरिष्ठ यांची देखरेख, विमानचालन वैद्याची तपासणी आणि अखेरीस नियामकाची परवानगी अशी साखळी तिने घातली. समुपदेशनातील संवाद आणि कामावर परतण्याचा निर्णय यांत अंतर राखण्याची धडपड तिच्या रचनेतच आहे. डॉक्टरांसाठीही राज्याराज्यांत अशाच योजना झाल्या. एका अभ्यासात १६ राज्यांतील योजनांमधील ९०४ डॉक्टर पाहिले गेले व पाच वर्षांच्या चाचण्यांत ७८ टक्के व्यक्तींच्या शरीरात मद्य वा मादक द्रव्य एकदाही आढळले नाही. हे यश निव्वळ समुपदेशनाचे मानणे भाबडेपणाचे ठरेल. त्यात दीर्घ देखरेखीचा, उपचाराचा खर्च पेलण्याच्या ऐपतीचा आणि परवान्याच्या धाकाचा वाटा मोठा आहे, आणि ज्या रोजंदारी कामगाराकडे गमवायला असा परवानाच नसतो, त्याला हा आकडा लागू होतो असे गृहीत धरता येत नाही.