इंचगेरीची गादी आणि ग्रीक पोथ्या

कोल्हापूरजवळच्या कणेरी मठाचा इतिहास फार जुना आहे. पण विसाव्या शतकातले तिथले मठाधिपती मुप्पीन काडसिद्धेश्वर महाराज (निधन २००१) यांची साधना ज्या गुरूंकडून आली, ते सिद्धरामेश्वर महाराज १९३६ मध्ये गेले. त्यांचे गुरू भाऊसाहेब महाराज उमदीकर, इंचगेरीचे. याच भाऊसाहेबांचे दुसरे एक शिष्य तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक आणि ग्रीकांचे अभ्यासक होते : रामचंद्र दत्तात्रेय रानडे, म्हणजे निंबाळचे गुरुदेव. कणेरीत प्लेटो वाचला जात होता, असा अर्थ यातून काढता येणार नाही. मात्र कोल्हापूर-जमखंडी-विजापूर या पट्ट्यात प्लेटोकडे साधकाच्या नजरेने पाहणारा माणूस शोधायचा, तर तो या परंपरेतच सापडतो.

प्रश्न असा की रानड्यांना ग्रीकांनी साधनेकडे नेले, की साधनेने ग्रीकांकडे? इथे सनावळीच साक्ष देते. जन्म १८८६, जमखंडीचा. भाऊसाहेबांकडून नाम मिळाले १९०१ मध्ये, म्हणजे पंधराव्या वर्षी, मॅट्रिकच्या आधी. एम.ए. झाले १९१४ मध्ये, आणि त्याच वर्षी भाऊसाहेबांनी देह ठेवला. ग्रीक तत्त्वज्ञ हेराक्लिटसवरचा आणि इलिअटिक तत्त्वज्ञांवर ॲरिस्टॉटलने केलेल्या टीकेवरचा, हे त्यांचे दोन्ही निबंध त्यानंतरचे, फर्ग्युसन महाविद्यालयातल्या वर्षांतले. तेव्हा नेम आधी, ग्रीक नंतर. रानडे ग्रीकांकडे गेले ते श्रद्धा शोधायला नव्हे. हातात असलेला अनुभव दुसऱ्या देशातल्या माणसांच्या शब्दांशी ताडून पाहायला गेले, असे मला वाटते.

आणि प्लेटोच्या संवादांत असे ताडून पाहण्याजोगे पुष्कळ आहे. ‘सिम्पोझियम’मध्ये अल्सिबायडिस पोटिडियाच्या छावणीतली एक हकीकत सांगतो. सॉक्रेटिस सकाळी कसल्याशा विचारात उभा राहिला तो उभाच. दुपार झाली, लोकांत कुजबुज सुरू झाली. उन्हाळ्याचे दिवस होते, म्हणून संध्याकाळी जेवणे उरकून काही आयोनियन शिपायांनी अंथरुणे बाहेर आणली. सॉक्रेटिस रात्रभर उभा राहतो का, ते गारव्यात पडून बघू लागले. दुसऱ्या दिवशी सूर्य उगवला, सॉक्रेटिसने त्याला प्रार्थना केली आणि तो चालू लागला. वर्गात हा उतारा सॉक्रेटिसच्या विक्षिप्तपणाचा नमुना म्हणून सांगून पुढे जाता येते. रोज तासन्‌तास नामाला बसणाऱ्या संप्रदायातला माणूस तो तसा वाचणार नाही. ‘फीडो’मध्ये तत्त्वज्ञान म्हणजे मरणाचा अभ्यास असे म्हटले आहे. प्लेटोच्या नावावरच्या सातव्या पत्रात तर ज्ञान लिहून देता येत नाही, दीर्घ सहवासानंतर एका जीवातून दुसऱ्यात ते अकस्मात पेटते, असे आहे. ते पत्र प्लेटोचेच का, याबद्दल विद्वानांत मतभेद आहेत. पण कल्पना गुरुशिष्य परंपरेला मुळीच परकी नाही.

रानड्यांनी १९२४ मध्ये पुण्यात ‘अकॅडमी ऑफ फिलॉसफी अँड रिलिजन’ स्थापली. अथेन्सच्या वेशीबाहेरच्या प्लेटोच्या संस्थेचेच हे नाव. केवळ नावावरून फार काही सिद्ध होत नाही, म्हणून ग्रंथांकडे वळू. उपनिषदांवरच्या त्यांच्या १९२६ च्या ग्रंथात ग्रीक तत्त्वज्ञ शोभेला आलेले नाहीत. तुलना खरोखर केलेली आहे. १९३३ च्या महाराष्ट्रातील संतांच्या गूढवादावरील ग्रंथात त्यांनी गूढवादाची व्याख्याच ईश्वराची प्रत्यक्ष, स्वानुभवाची ओळख अशी केली. या कसोटीला देश नाही, भाषा नाही.

त्यांच्याच काळात पुण्यात सोनोपंत दांडेकर (१८९६-१९६८) होते : तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक, पुढे स. प. महाविद्यालयाचे प्राचार्य, जोग महाराजांचे शिष्य, वारकरी कीर्तनकार. त्यांच्या एका पुस्तकाच्या नावातच ज्ञानदेव आणि प्लेटो शेजारी बसले आहेत. एकट्या रानड्यांची ही लहर नव्हती, एवढे त्यावरून दिसते.

रानडे पुढे अलाहाबाद विद्यापीठात गेले, कुलगुरूही झाले, आणि अखेर निंबाळला राहिले. ६ जून १९५७ रोजी तिथेच त्यांचे निधन झाले. आदल्या वर्षी त्यांचे तत्त्वज्ञानविषयक निबंध पुस्तकरूपाने आले. आश्रमात लोक त्यांना गुरुदेव म्हणून ओळखत होते, आणि तरीही तरुणपणातले ते ग्रीक निबंध त्या पुस्तकात आहेत.