तास की फ्रेम?

परवा शनिवारी वडखळचं ट्रॅफिक पार करून अलिबाग गाठलं, तर पाऊस! मग एका पूल पार्लरमध्ये शिरलो. पाटी होती : स्नूकर तासावर.

गंमत बघा. हा खेळ जन्मला तोच पावसाळ्यातला रिकामा वेळ घालवायला. १८७५ साली जबलपूरच्या छावणीत नेव्हिल चेंबरलेन या ब्रिटिश अधिकाऱ्याने बिलियर्ड्सच्या टेबलावर रंगीत बॉल वाढवले. १८८२ मध्ये उटीच्या क्लबात नियम ठरले. मेसमध्ये वेळेचे पैसे कोण मागणार?

धंदा सुरू झाल्यावर प्रश्न आला, विकायचं काय? १२ बाय ६ फुटांचं टेबल, भोवती क्यू फिरवायला जागा, वर दिवे. हे सगळं अडतं मिनिटांच्या हिशोबाने. इंग्लंडमध्ये तर टेबलावरच्या दिव्याला नाण्यांचं मीटर असे. पैसे संपले की अंधार!

आपल्याकडे तासाचा दर, नाहीतर फ्रेमचा. आमच्या भाषेत टाइम अँड मटेरियल की फिक्स्ड बिड. फ्रेमवर घेतलं तर संथ खेळाचा भार मालकावर, तासावर घेतलं तर नवशिक्यावर. म्हणजे ज्याला सराव हवा, त्यालाच तो महाग.

पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ मध्ये कलकत्त्यात बिलियर्ड्सचे हौशी जगज्जेते झाले. तसा हात बसायला किती तास लागत असतील?

शेजारचं टेबल रिकामं होतं. दप्तर पाठीवर घेऊन एक पोरगा नुसता बघत उभा होता. मालकाला म्हटलं, दुपारी पोरांना अर्ध्या दरात द्या की.

"साहेब, भाडं काय अर्धं होतं का?"

बरोबर आहे. पण रिकाम्या टेबलाचं तरी कुठे होतं?