कारखान्याची फिल्म, कामगाराची नजर

भोसरी किंवा चाकणच्या एखाद्या कारखान्यात नवा कामगार रुजू झाला, की पहिल्या दिवशी त्याला एका खोलीत बसवून सुरक्षिततेची फिल्म दाखवली जाते. दिवे मालवले जातात. कंपनीचे बोधचिन्ह गोल फिरत पडद्यावर येते, मग ड्रोनमधून टिपलेले कारखान्याचे छप्पर, मग अध्यक्षांचे मनोगत, त्यानंतर गुणवत्ता धोरण. प्रत्यक्ष पॉवर प्रेस पडद्यावर येईपर्यंत सात-आठ मिनिटे उलटून गेलेली असतात आणि पहाटेच्या बसने आलेल्या माणसाचे डोळे जड झालेले असतात. फिल्म संपते, हजेरीपत्रकावर सह्या होतात, कागदोपत्री प्रशिक्षण पूर्ण होते. दुपारी तोच माणूस त्या प्रेसपुढे उभा राहतो.

जाहिरातीच्या फिल्मकडे प्रेक्षकाने पाठ फिरवली, तर कंपनीचे पैसे वाया जातात. या फिल्मकडे पाठ फिरवली, तर एखाद्याची बोटे जाऊ शकतात. त्यामुळे प्रशिक्षणाच्या फिल्ममध्ये प्रेक्षकाचे लक्ष कसे टिकवायचे, हा केवळ कलेचा किंवा कॅमेऱ्याच्या दर्जाचा प्रश्न नव्हे.

वाटाणा, काच आणि आगपेट्या

या प्रश्नाचे एक जुने उत्तर महाराष्ट्रातच सापडते. दादासाहेब फाळके यांनी 1912 मध्ये लंडनहून कॅमेरा आणल्यानंतर ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी एक चिमुकली फिल्म केली. कुंडीत वाटाणा पेरायचा आणि त्याचे रोज थोडे थोडे चित्रण करायचे, एवढीच तिची कल्पना. महिनाभराची वाढ पडद्यावर मिनिटाभरात दिसू लागली. ही फिल्म त्यांनी भांडवल मिळवण्यासाठी दाखवली होती आणि ते मिळालेही. आजच्या भाषेत तिला ‘कॉर्पोरेट प्रेझेंटेशन’च म्हणावे लागेल, मात्र तिच्यात फाळके यांच्या कर्तबगारीविषयी एक शब्दही नव्हता. मूकपटात तो असणार तरी कुठे? ‘आता पुढे काय होणार’ या एका उत्सुकतेवर पाहणारा खिळून राहत होता.

पुढे फाळके यांनी तळेगावच्या काच कारखान्यावर लघुपट केला. लोकांकडून पैसा-पैसा गोळा करून उभारलेल्या पैसा फंडाचा हा कारखाना. पुणे परिसरातील उद्योगावरील आरंभीच्या माहितीपटांत त्याची गणना करावी लागेल. चित्रपट कसे तयार होतात, हे दाखवणारा त्यांचा लघुपटही प्रसिद्ध आहे. त्याचा काही भाग आजही पाहायला मिळतो आणि त्यात फाळके स्वतः काम करताना दिसतात. वितळलेली काच फुगते, फीत कापली जाते, रोप वाढते. एखादी वस्तू आकार घेताना पाहण्याची माणसाची हौस काही संपत नाही.

पुण्याने नंतर या क्षेत्रात मोठ्या संस्था पाहिल्या. प्रभात स्टुडिओच्या जागेत 1960 मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली, 1974 मध्ये दूरचित्रवाणी प्रशिक्षणाचा विभाग दिल्लीहून येथे आला. शालेय कार्यक्रमांसाठी 1984 मध्ये बालचित्रवाणी स्थापन झाली आणि दूरदर्शनमुळे एका पिढीच्या आठवणीत राहिली. ही संस्था 2017 मध्ये बंद करण्यात आली. त्याच 1984 साली 15 ऑगस्टपासून विद्यापीठ अनुदान आयोगाचे महाविद्यालयीन कार्यक्रम दूरदर्शनवर सुरू झाले आणि त्यांच्या निर्मितीत पुणे विद्यापीठाच्या केंद्राचाही वाटा होता.

चेहरा नाही, हात

परंतु कारखान्यांनी जवळून अभ्यासावे असे उदाहरण याच विद्यापीठाच्या आवारात आहे. एके काळी पिंपरीच्या टेल्कोत अभियंता असलेले अरविंद गुप्ता 2003 ते 2014 या काळात ‘आयुका’च्या मुलांसाठीच्या विज्ञान केंद्रात होते. काड्यापेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबचे तुकडे, स्ट्रॉ, जुन्या सीडी यांपासून खेळणी कशी करायची, हे दाखवणाऱ्या शेकडो छोट्या फिल्म तेथे तयार झाल्या. त्यांना 2018 मध्ये पद्मश्री मिळाली.

या फिल्म बहुतेक मिनिट-दोन मिनिटांच्या आहेत. टेबल, साहित्य आणि काम करणारे हात एवढेच त्यात दिसते. नेपथ्य नाही, प्रास्ताविक नाही. या साधेपणाचा एक व्यावहारिक फायदा सहज लक्षात येत नाही. बोलणारा चेहरा पडद्यावर नसल्याने ओठांच्या हालचालींशी शब्द जुळवण्याची कटकट उरत नाही. चित्र तेच ठेवून मराठी, हिंदी, तमिळ असा हवा तो आवाज बसवता येतो. ज्या कारखान्यात मराठवाड्यातला हेल्पर, बिहारचा वेल्डर आणि ओडिशाचा ऑपरेटर एकाच ओळीत उभे असतात, तेथे ही सोय अनमोल आहे. इंग्रजीत बोलणारा निवेदक घेऊन, खाली हिंदी अक्षरे टाकून काम भागवण्याची पद्धत मात्र अजूनही सर्रास दिसते.

परदेशातील अभ्यासही याच दिशेने बोट दाखवतो. ‘एडएक्स’ या ऑनलाइन शिक्षण मंचावरील चार अभ्यासक्रमांतील 862 व्हिडिओ सुमारे 69 लाख वेळा कसे पाहिले गेले, याचा अभ्यास 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. व्हिडिओ कितीही लांबीचा असो, पाहणाऱ्यांचा मध्यक वेळ सहा मिनिटांच्या पुढे गेला नाही. खर्चिक स्टुडिओत केलेल्या ध्वनिचित्रमुद्रणापेक्षा साध्या, अनौपचारिक जागेतील बोलणे अधिक पाहिले गेले, आणि तयार स्लाइडपेक्षा हाताने लिहीत, रेखाटत समजावणे अधिक परिणामकारक ठरले. अर्थात ते विद्यार्थी कंटाळले, की व्हिडिओ बंद करू शकत होते. प्रशिक्षणाच्या खोलीतील कामगाराला तशी मुभा नसते. तो डोळे उघडे ठेवून मनाने बाहेर पडतो आणि त्याची नोंद कुठल्याच यंत्रात होत नाही.

बांधून ठेवलेले बटण

सर्वांत अवघड भाग पुढेच आहे. पॉवर प्रेसला दोन बटणे असतात. दोन्ही हातांनी ती एकाच वेळी दाबल्याशिवाय प्रेस खाली येऊ नये, म्हणजे हात आपोआप डायच्या बाहेर राहतात. फिल्ममध्ये हे नेमके आणि स्वच्छ दाखवले जाते. पण उत्पादनाचा आकडा गाठण्यासाठी एक बटण चिकटपट्टीने बांधून ठेवण्याचा प्रकार या धंद्यातल्या कोणालाही नवा नाही. कामगाराला तो फिल्म पाहण्याआधी माहीत असतो, नाहीतर आठवडाभरात माहीत होतो. पडद्यावर सगळे आदर्श आणि शॉपफ्लोअरवर चिकटपट्टी, अशी तफावत दिसली, की फिल्म ही ‘ऑडिटवाल्यांसाठी’ असते, हे तो समजून घेतो. त्यानंतर उत्तमातला उत्तम कॅमेराही त्याचे लक्ष परत आणू शकत नाही.

ती चिकटपट्टी फिल्ममध्ये दिसली पाहिजे. बटण कोण बांधते, कोणाच्या सांगण्यावरून बांधते आणि कोणी तसे सांगितले, तर कामगाराने काय करायचे, कोणाकडे जायचे, हेही त्यात आले पाहिजे. कंपनीची कायदेविषयक शाखा येथे हमखास अडते, कारण असे दाखवणे म्हणजे हा प्रकार आपल्याकडे चालतो, याची कबुली. भीती समजण्यासारखी आहे. पण हा प्रसंग गाळून केलेली फिल्म दाखवण्यापेक्षा अनुभवी ऑपरेटरने दहा मिनिटे यंत्रापाशी उभे राहून बोलणे अधिक उपयोगी पडेल.

रक्त, जखमा दाखवण्याचा मोह मात्र टाळावा. भीषण दृश्य आले, की पाहणारा मान फिरवतो आणि नेमकी कृती निसटते. डायखाली हाताऐवजी लाकडी पट्टी ठेवून प्रेस एकदाच खाली आणली, तरी खोलीत शांतता पसरते.

विनोदाचे अंग असेल, तर तोही चालतो. जॉन क्लीझ आणि अँटनी जे यांनी 1972 मध्ये इतरांसह स्थापन केलेल्या ब्रिटिश ‘व्हिडिओ आर्ट्‌स’ने प्रशिक्षणाच्या फिल्म विनोदी पद्धतीने केल्या. 1976 मधील त्यांच्या एका फिल्ममध्ये बैठका नीट न घेणाऱ्या व्यवस्थापकावर स्वप्नात खटलाच चालतो. तेथे हसू साहेबाचे होते, हे विसरू नये. आपल्याकडील फिल्ममध्ये वेंधळा नेहमी कामगार आणि शहाणा नेहमी सुपरवायझर असतो.

चित्रीकरणापूर्वी आणि नंतर

संहिता लिहिण्याआधी ‘फिल्म पाहून माणसाने काय करावे’ हे एका वाक्यात लिहावे. ‘सुरक्षिततेविषयी जागृती’ हे वाक्य नव्हे. ‘डाय साफ करण्यापूर्वी मुख्य स्विच बंद करून कुलूप लावावे आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवावी’ हे वाक्य. दोन वाक्ये होत असतील, तर दोन फिल्म कराव्यात. अध्यक्षांचे मनोगत वेगळे ठेवावे. ते वार्षिक सभेत शोभते.

कारखान्यात ट्यूबलाइटखाली चित्रण करताना शटरचा वेग एक पन्नासांश किंवा एक शतांश सेकंद ठेवावा, अन्यथा आपल्या 50 हर्ट्‌झच्या विजेमुळे चित्र लुकलुकते. यंत्रांच्या आवाजात केलेले बोलण्याचे ध्वनिमुद्रण सहसा टाकूनच द्यावे लागते. निवेदन शांत जागी करावे, पण यंत्राचा खरा आवाज वेगळा नोंदवून त्याखाली ठेवावा, कारण बिघडलेले यंत्र कामगार कानाने ओळखतो. सुरक्षा अधिकाऱ्याला चित्रीकरणाच्या वेळीच बरोबर घ्यावे. मागे कोणी गॉगलशिवाय उभा होता, हे संकलनाच्या टेबलावर कळले, तर सबंध दिवस वाया जातो. ज्यांचे चित्रण होते, त्यांची संमती घ्यावी, कंत्राटी कामगारांचीही.

पडद्यावर लिहिलेली वाक्ये निवेदकाने जशीच्या तशी वाचू नयेत. डोळे आणि कान एकाच मजकुरावर खर्ची पडले, की चित्राकडे पाहायला कोणी उरत नाही. भाषा कच्ची असलेल्यांसाठी किंवा ऐकू न येणाऱ्यांसाठी अक्षरे लागतात, पण ती मोजकी असावीत. संगणकाने तयार केलेला आवाज आता अनेक भाषांत स्वस्तात मिळतो. मात्र त्याच्या मुखातील यंत्रभागांची नावे शॉपफ्लोअरवरील माणसाकडून तपासून घ्यावीत.

तयार फिल्म संचालक मंडळाआधी पाच नव्या कामगारांना दाखवावी. धोक्याच्या क्षणाआधी ती थांबवून ‘आता हा काय करील?’ असे विचारावे. संपल्यावर सही घेण्याऐवजी त्यांना यंत्रापाशी नेऊन, यंत्र बंद ठेवून, तीच कृती करून दाखवायला सांगावी. पाचांपैकी तिघे कुलूप लावायला विसरले, तर दोष त्यांचा नाही, संकलन पुन्हा करायचे.

फिल्मवर तारीख आणि यंत्राचा क्रमांक टाकावा. यंत्र बदलले, की ती त्याच दिवशी काढून घ्यावी. मूळ चित्रण जपून ठेवले असेल, तर पुढच्या वेळी केवळ बदललेला भाग पुन्हा टिपून भागते.