धूळपाटीपासून वाचनापर्यंत

देवनागरी वर्णमाला उच्चारस्थानांच्या क्रमाने रचिलेली आहे. ‘क’ कंठातून, ‘च’ तालूपासून, ‘ट’ मूर्धेपासून, ‘त’ दातांशी व ‘प’ ओठांशी उमटतो. अक्षराचे नाव आणि त्याचा ध्वनी यांत आपल्याकडे सहसा भेद नाही. इंग्रजी शिकणाऱ्या बालकास ‘सी’, ‘ए’, ‘टी’ ही नावे बाजूस ठेवून ‘कॅट’ असा उच्चार जुळवावा लागतो. आपल्या बालकाचे हे श्रम वाचतात.

जुन्या गावठी शाळांतील पंतोजींनी हे मर्म ओळखले होते. मुलाचा ओनामा धूळपाटीवर होई. बोटाने अक्षर गिरवावयाचे व त्याच वेळी ते मोठ्याने उच्चारावयाचे. असे डोळा, कान व हात तिघेही एकदम शिकत. मग ‘क ला काना का’ अशी बाराखडी येई आणि शेवटी जोडाक्षरे.

आमचा लोहारा परिसर सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामी राज्यात होता. कारभार उर्दूत चाले. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. उर्दू लिपीत ऱ्हस्व स्वर बहुधा लिहीत नाहीत. वाचकाने शब्द ओळखून ते भरावयाचे असतात. ज्याच्या घरी ती भाषा नाही, त्या मुलास हे किती जड जात असेल! अशा काळात, १९२१ साली, लोहाऱ्यानजीकच्या हिप्परगे गावी राष्ट्रीय शाळा निघाली. पुढे स्वामी रामानंद तीर्थांनी तेथे मुख्याध्यापक म्हणून सेवा केली, हे आपल्या भागाचे भूषण होय.

तथापि जुन्या पद्धतीचे दोष झाकून चालणार नाही. बाराखडी सुरात म्हणणारे मूल मधलेच एखादे अक्षर दाखविताच अडखळते. ‘ब-द-क’ असे सुटे उच्चारल्याने ‘बदक’ होत नाही. अखेरच्या ‘क’मधील ‘अ’ आपण बोलताना गाळतो, हे जोडून म्हणून दाखवावे लागते. ‘चाक’ व ‘चित्र’ यांतील ‘च’ एक नव्हे, हेही कानानेच कळते. पुढे चित्र दाखवून अख्खा शब्द ओळखविण्याची रीत आली. पण चित्र झाकले की पुष्कळ मुलांचे वाचन थांबते.

फलटण येथे मॅक्सिन बर्नसन यांनी निराळा मार्ग चोखाळला. थोडी अक्षरे शिकवावयाची व त्यांचेच शब्द लगेच वाचवून घ्यावयाचे. घ, र, म, न व काना एवढे आले की ‘घर’, ‘मान’, ‘राम’, ‘मामा’ मूल स्वतः वाचू लागते. आमच्या मते जुन्या उच्चाराभ्यासास मिळालेली ही योग्य जोड आहे. मात्र ज्या मुलाच्या घरी कन्नड वा लमाणी बोलतात, त्यास शब्दाचा अर्थही सांगितला पाहिजे.

बाराखडी मुखोद्गत, परंतु पाचवीतही धडा वाचता येत नाही, अशी मुले आम्ही वर्गात पाहिली. अशीच मुले पुढे शाळा सोडतात. आपली संस्था शालान्त परीक्षेतील गुणवंतांचा गौरव करते, हे उचितच. परंतु जे मूल तिसरीतच वाचनात मागे राहिले, ते त्या व्यासपीठापर्यंत पोहोचणार कसे? केंद्र सरकारनेही २०२१ साली निपुण भारत अभियानात तिसरीअखेर वाचनाचेच ध्येय ठेविले आहे.

म्हणून ज्ञातिबंधुभगिनींस आमची विनंती आहे की, रोज अर्धी घटका मुलाला, आणि तितक्याच आस्थेने मुलीला, जवळ घेऊन बसावे. बोट अक्षरावर, उच्चार मोठ्याने आणि घाई मुळीच नको. ज्या घरी वाचणारे कोणी नसेल, तेथे शेजारच्या शिकलेल्या मुलाने हे काम अंगावर घ्यावे. समाजोन्नतीचा पाया येथेच घातला जातो.